पारीवरची हजेरी

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. पुरता रूळही नाही. रुळाचा अडीच हात लांबीचा तुकडा. ज्यावरून आगगाडी धावते तसला थोर रूळ मी कधीच नव्हतो. तुमसरकडच्या मॅंगनीजच्या खाणीत माणसं लोखंडी डबे ढकलत नेत, त्या डब्यांखाली माझं तारुण्य गेलं. माझी भट्टी कुठली, मला कोणी ओतलं, हे मला सांगता येणार नाही. आठवतं ते ओझं. भरलेला डबा जाताना एक ओझं, रिकामा परतताना दुसरं. तिथेच मला मोजायची खोड लागली. आधी डबे मोजायचो, पुढे माणसं मोजायला लागलो. डबे मोजणं सोपं होतं. रिकामा डबा भरल्याचं सोंग करत नाही.

खाणीत जाड रूळ आले तेव्हा आम्हाला उखडून ढीग घातला. अड्याळजवळच्या एका गावाच्या शेतकऱ्याने त्या ढिगातून मला उचललं, बैलबंडीत धानाच्या तणसावर निजवलं आणि आपल्या गावी आणलं. गावाला मोठा तलाव आहे, मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळचा. तलावाचा जो मातीचा बांध, त्याला आमच्या भागात पार म्हणतात. त्या पारीवर एक मोहाचं झाड होतं. त्याच्या फांदीला मला जाड तारेने टांगलं, शेजारी एक सळई अडकवली, आणि त्या दिवसापासून मी घंटा झालो.

मला वाजवायचा मान पाणकराचा. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी बांधीबांधीत, धानाच्या खाचराखाचरांत, वाटून देणारा माणूस. आमचा पाणकर केवळराम. हडकुळा, उंच, कमी बोलणारा. एका शेताची पाळी संपली की तो मला एक टोला द्यायचा. तो ऐकून पुढच्या शेतकऱ्याने आपल्या बांधीचं तोंड उघडायचं आणि आधीच्याने मिटायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येकाला आपल्या पाळीला घंटा लवकर वाजली असं वाटायचं आणि शेजाऱ्याच्या पाळीला उशिरा. पन्नास वर्षांत मला असा एकही माणूस भेटला नाही ज्याला उलट वाटलं.

घनश्याम तर घड्याळ बांधून पारीवर यायचा. घड्याळ त्याचं, किल्ली त्याची, वेळही त्याचीच.

"केवळ्या, पाच मिनिटं खाल्ली तू माझी."

"मी पाणी मोजतो, भाऊ," केवळराम म्हणायचा. "मिनिटं तुमची तुमी खा."

पण माझं खरं काम वर्षातून एकदाच असे. वैशाखात तलाव तळाला गेला की केवळराम मला न थांबता वाजवायचा. एक टोला म्हणजे पाळी बदलली; न थांबणारे टोले म्हणजे पार हाक मारते आहे. मग घरटी एक माणूस फावडा आणि घमेलं घेऊन यायचा. खेकड्यांची बिळं बुजवायची, झुडपं तोडायची, मुरूम टाकून पार चोपायची. गावात चौसष्ट चुली. त्यातल्या अकरा पारीच्या अगदी पायथ्याशी, टोली नावाच्या वस्तीत. टोलीचे लोक सगळ्यांत आधी येत. त्यांच्या उशाशीच पाणी होतं ना.

काम सुरू झालं की केवळराम एकेका घराचं नाव घ्यायचा आणि त्या घराचा माणूस 'आहो' म्हणायचा. जो आला नसेल त्याचं नाव पाण्याकडे तोंड करून तीनदा. शिवी नाही, दंड नाही, नुसतं नाव. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. पलीकडच्या घाटावर बाया धुणं धूत असत. नाव त्यांच्या कानी जायचं, तिथून धुण्याच्या आधी घरी पोचायचं. दुपार व्हायच्या आत तो गडी खालमानेने फावडा घेऊन यायचा आणि सगळे जेवायला बसले तरी हा एकटा माती ओढत राहायचा. माझ्या पहिल्या वर्षाची हजेरी मला पाठ आहे. चौसष्टपैकी एकसष्ट. उरलेल्या तिघांपैकी एकाच्या घरी मौत होती, एक आजारी होता आणि तिसरा झोपला होता. तिसऱ्याचं नाव तीनदा गेलं. पुढे तो मरेपर्यंत दर वैशाखात सगळ्यांत आधी आला.

मग एक दिवस माझ्याखालीच सभा भरली. घनश्याम उभा राहिला. त्याचं नाव लागोपाठ दुसऱ्या साली निघालं होतं.

"सगळ्या गावासमोर नाव घेते म्हणजे काय? आमी का चोर आहोत? ज्याले याचं तो येतेच."

नाव घ्यायचं नाही, असा ठराव एकमताने झाला. ज्यांची नावं दर साली निघत त्यांचे हात सगळ्यांत वर होते. केवळरामला कोणी विचारलं नाही. जाताना त्याने माझ्यावर एकदा तळहात ठेवला, जसा जनावराच्या पाठीवर ठेवतात.

पुढल्या साली बावन्न आले. मग एकेचाळीस. मग सव्वीस. कोणाची जवाहरनगरच्या कारखान्यात ड्यूटी, कोणाची कंबर, कोणाच्या घरी पाहुणे. पाहुण्यांचं गणित मला कधी कळलं नाही. एकाच दिवशी अडतीस घरी पाहुणे आले, तर ते पाहुणे निघाले कोणाच्या घरून? शेवटी आले नऊ, आणि त्यातले दोघं बिडी ओढायला. त्यानंतर समिती झाली. समिती म्हणाली, पार सरकारची आहे, सरकार पाहील. केवळराम आणखी काही वर्षं एकटाच बिळं बुजवत राहिला. सहा वर्षांपूर्वी तो गेला. नवा पाणकर कोणी नेमला नाही. माझी सळई कोणीतरी गाईच्या खुंट्याला नेली. बगळ्यांनी मला पांढरं करून ठेवलं. माझ्याकडे बघणारं एकच माणूस उरलं, केवळरामची बायको रुखमिणी. टोलीतलं पहिलं घर तिचं. रोज सकाळी ती पारीवरून एक फेरी मारायची, नवऱ्यासारखी खाली बघत.

आता यंदाचं ऐका. गेल्या साली पाऊस कमी झाला होता. शेवटचं पाणी मिळालं नाही आणि निम्म्या गावाच्या धानात पोचट निघालं. म्हणून यंदा श्रावणात तलाव भरून सलंगेवरून पाणी जाऊ लागलं तेव्हा लोक लगोलग तिथे जमले. सलंग म्हणजे जादा पाणी निघून जायची दगडी उतरण. पार वाचते ती सलंगेमुळे. पण वाहून जाणारं पाणी पाहिलं की माणसाला फक्त आपली बांधी दिसते. ठरलं, सलंगेवर रेतीच्या बोऱ्या रचायच्या आणि गुडघाभर पाणी वाढवायचं.

त्या दिवशी अठ्ठेचाळीस माणसं आली. कित्येक वर्षांत एवढी माणसं मी पारीवर पाहिली नव्हती. पाणी अडवायला अठ्ठेचाळीस, पार सांभाळायला नऊ. मला हसता आलं असतं तर माझी तार तुटली असती. किराणा दुकानवाल्या बाबुलालने फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'एकजुटीचा विजय'. सगळ्यांत खूश होता घनश्याम. सलंगेखालचा नाला त्याने पाच वर्षांत हात हात करत आपल्या शेताच्या धुऱ्यात, म्हणजे हद्दीत, घेतला होता. यंदा तिथे चार एकर धान लावला होता. सलंग बंद म्हणजे त्या धानाला पुराची भीतीच नाही.

रुखमिणी काठी टेकत तिथे आली.

"बोऱ्या ठेवता त ठेवा. पण काढणार कोण, ते आजच ठरवा."

"काढू ना, काकी," बाबुलाल म्हणाला. "पाणी लय वाढलं का काढून टाकू."

"कोण?"

"सगळेच."

मित्रांनो, 'सगळेच' नावाचा माणूस आमच्या गावात राहत नाही. एवढी वर्षं हजेरी ऐकली, ते नाव एकदाही निघालं नाही.

भादव्यात तीन दिवस पाऊस थांबला नाही. पाणी बोऱ्यांच्या काठाला लागलं. गावातला जो तो मोबाइलवर कारध्याच्या पुलाखाली वैनगंगा किती चढली ते पाहत होता. माझ्याखाली आडोशाला उभे राहून लोक एकमेकांना तिथले आकडे सांगत. पाठीमागे चार पावलांवर आपला तलाव होता. त्याचा आकडा कोणाच्या मोबाइलवर येत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी पावसाची नुसती बुरबुर उरली. रुखमिणी फेरीला आली आणि मोहापासून दहा पावलांवर थबकली. टोलीकडच्या उतारावर अंगठ्याएवढ्या भोकातून पाणी येत होतं. ती वाकली, ओंजळीत घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. पाणी निवळ आलं तर पार नुसती भिजली. गढूळ आलं तर पार आतून चालली, हे केवळरामने तिला लग्नाच्या पहिल्याच साली शिकवलं होतं. ओंजळीतलं पाणी चहासारखं होतं. ती तलावाकडच्या बाजूला गेली. तिथे पाण्यावर परातीएवढा भोवरा फिरत होता.

ती टोलीत धावली, म्हणजे तिच्या वयात जितकं धावता येतं तितकं. अकरा घरं, त्रेचाळीस जीव, त्यातला एक पाच दिवसांचा. "निघा रे, लेकराले घेऊन निघा," एवढंच सांगत ती दार-दार गेली आणि घरातून खलबत्त्याचा लोखंडी बत्ता घेऊन परत माझ्याकडे आली.

सहा वर्षांनी मला कोणी वाजवत होतं. पहिल्या टोल्याला बगळ्यांची घाण उडाली, दुसऱ्याला गंज. तिसऱ्याला माझा आवाज मला सापडला. ती थांबली नाही. शंभर टोले झाले. दोनशे झाले. गाव समोर दिसत होतं, छपरांच्या कवेलूंतून धूर निघत होता, कोणाच्या तरी घरी टीव्ही लागला होता. एक माणूस आला नाही. तरण्यांना हा आवाज काय सांगतो ते कोणी शिकवलंच नव्हतं. म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि उठणं यांच्यामध्ये खाट असते.

शेवटी छत्री घेऊन बाबुलाल आला.

"काकी, कायले बडवून राहिल्या सकाळपासून? ग्रुपवर सारे विचारून राहिले, कोण वाजवते म्हणून."

"पार फुटून राहिली, बाबू. खाली पाय."

त्याने पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. पण त्याच्या हातात फावडा नव्हता, मोबाइल होता, आणि माणूस हातात जे असतं तेच चालवतो.

"थांबा, ग्रुपवर टाकतो."

"ग्रुपवर टाकू नोको. माती टाक."

तोवर फोटो गेला होता. मग मात्र लोक आले. बांधाच्या मधोमध ओळीने उभे राहिले. बोऱ्या ठेवा असं आधी कोण म्हणालं, तलाव कोणत्या खात्याचा, पवनीहून मशीन निघालं की नाही, यावर बोलणं सुरू झालं. मी मोजलं. एकतीस माणसं, सहा छत्र्या, एकोणीस मोबाइल, फावडे शून्य. भोक मनगटाएवढं झालं. टोलीचे लोक शेळ्या, पिपे, अंथरुणं ओढत चढावर येत होते. पाच दिवसांची बाळंतीण भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत होती आणि तिची सासू पोर पोटाशी धरून पुढे. एकतीस माणसं बाजूला सरकली. वाट दिली त्यांनी, खोटं कशाला सांगू. वाट चांगली दिली.

रुखमिणी वाजवतच होती. तिच्या तळहाताची साल निघाली होती आणि बत्ता घसरत होता. मित्रांनो, मी लोखंड आहे, पण त्या घटकेला मला माझी लाज वाटली. आवाज निघतो आहे, दूरवर जातो आहे, आणि कोणाच्या अंगाला लागत नाही. मला वाटलं, आजच्याइतका निकामी मी भंगाराच्या ढिगातही नव्हतो.

तेवढ्यात शेजारच्या धानोली गावाच्या बाजूने, शेतांच्या धुऱ्यांवरून, बाया येताना दिसल्या. लुगड्यांचे काचे मारलेले, पाय मांडीपर्यंत चिखलाचे, डोक्यावर पावसासाठी युरियाच्या पिशव्या. पुढे रिता. रिता ही घनश्यामचीच लेक. धानोलीत दिलेली, निंदणाच्या मजुरीला बायांची टोळी घेऊन जाणारी. लहानपणी ती माझ्याखाली खेळली होती, आणि न थांबणारे टोले म्हणजे काय ते तिला केवळरामच्या तोंडून ठाऊक होतं. बांधीत वाकलेली असताना तिने मला ऐकलं आणि हातातलं तण टाकून दिलं. मागे एकवीस बाया. तिला धरून बावीस.

तिने भोक पाहिलं, भोवरा पाहिला, मग ओळीकडे पाहिलं.

"काय गा, भाऊ हो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माहेरच्या पारीले सासरच्या बाया आणाव लागल्या मले. आता धानोलीत कोणत्या तोंडानं सांगू, का माझ्या गावात माणसं राहते म्हणून?"

"साहेबाले फोन केला आहे," कोणीतरी म्हणालं. "येऊन राहिले ते."

रिताच्या शेजारी चंदा नावाची एक बाई होती, आडव्या अंगाची आणि उभ्या जिभेची. "हो का? मंग तवरिक पाण्याले थांब म्हणा. साहेब येऊन राहिले, घाई करू नोको म्हणा."

बायांत हसू फुटलं. बाया हसत हसतच कामाला लागल्या. डोक्यावरच्या पिशव्या काढल्या, हातांनी माती भरायला सुरुवात केली. आणि चंदाला आमच्या गावची नावं ठाऊक नव्हती, म्हणून ती विचारू लागली.

"तो निळ्या छत्रीवाला कोण व, रिता?"

"टेकचंद."

"ओ टेकचंदभाऊ, छत्री मिटा. तिच्या दांड्यानं तरी दोन ढेकळं उकरा. अन् हा फोटोवाला?"

"बाबुलाल."

"बाबुलालभाऊ, माझा फोटो काढला का? चांगला काढा, सासूले दाखवाचा आहे. का म्हणन ती, पोट्टी दुसऱ्याच्या गावची पार लिपून आली."

नाव घ्यायचं नाही हा ठराव आमच्या गावाचा होता. धानोलीच्या बायांना तो लागू नव्हता. एकेक नाव पाण्यावरून जाऊ लागलं. घाटावर आता कोणी धुणं धूत नाही, तरी ज्याचं नाव जाई त्याची मान आपोआप घाटाकडे वळे. टेकचंद पहिला पळाला. मला वाटलं घरी गेला. तो फावडा घेऊन परत आला, आणि मागे त्याचे दोन भाऊ. मग नऊ. मग चौदा. ज्यांचं नाव अजून निघालं नव्हतं ते निघायच्या आत पळाले. घरोघरच्या बाया घमेली घेऊन बाहेर आल्या. अर्ध्या तासात पारीवर एकशे सहा माणसं होती. हा आकडा मी दोनदा मोजला, कारण मला पटत नव्हता.

पण माती पुरत नव्हती. वरून पाण्याचा दाब तसाच होता. भोक घागरीच्या तोंडाएवढं झालं. रुखमिणी ओरडली, तिचा आवाज बसला होता तरी ओरडली, "आधी सलंग मोकळी करा. बोऱ्या काढा."

लोक सलंगेकडे धावले आणि तिथे थांबले. बोऱ्यांवर घनश्याम बसला होता. पांढरी टोपी, दोन्ही हात बोऱ्यांवर पसरलेले.

"खाली माझा चार एकर आहे," तो म्हणाला. "धान गर्भात आहे. बोऱ्या काढल्या का घटकेत झोपन सारा. मशीन येऊन राहिलं, थोडं थांबा."

कोणी पुढे झालं नाही. नाला कोणाचा होता ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाच वर्षं कोणी म्हटलं नव्हतं. आज म्हणायची सवय कुठून येणार? टोलीकडून मातीचा एक लचका सुटल्याचा आवाज आला, ओल्या कापडासारखा.

चंदा मागून धापा टाकत आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. "अन् हा बुडा कोण व, बोरीले पोटाशी धरून बसला? याचं नाव काय?"

सगळ्यांनी रिताकडे पाहिलं. मी टांगल्या जागेवरून पाहत होतो. रिताने पदराने तोंड पुसलं. आमच्याकडे लेक बापाचं नाव तोंडाने घेत नाही. रेशन कार्डासाठी विचारलं तरी भावाला सांगायला लावते.

"घनश्याम," ती म्हणाली.

चंदाने तोंड उघडलं होतं, पण रिताने तिचा हात धरला. ती स्वतः पाण्याकडे वळली. एकदा नाव घेतलं. दुसऱ्यांदा तिचा आवाज फाटला. तिसऱ्यांदा तिने पुरतं घेतलं, बापाचं नाव, पाण्यावरून, पलीकडच्या काठापर्यंत.

घनश्याम तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा लेकीला दार बंद करणार. तो उठला. टोपी काढून खिशात ठेवली, वाकला आणि पहिली बोरी त्याने उचलली. वय सत्तरीचं, बोरी गुडघ्यापर्यंतच आली. टेकचंदने दुसरं टोक धरलं. मग पाणी इतक्या जोरात सुटलं की उरलेल्या बोऱ्या कोणाला उचलाव्या लागल्या नाहीत. घनश्याम वर उभा राहून खाली पाहत होता. चार एकर हिरवा धान, एका कुशीवर वळून झोपावं तसा, वरच्या बांधीपासून खालच्या बांधीपर्यंत झोपला. रिता त्याच्याजवळ गेली नाही. ती परत पारीकडे धावली, कारण भोक अजून उघडं होतं.

सलंगेने तलाव उतरायला वेळ लागतो. भोवऱ्याचं तोंड आतून झाकणं भाग होतं. बाबुलालने दुकानावरची निळी ताडपत्री ओढून आणली. ती पाण्यात सोडून भोवऱ्यावर बसवायची, वरून बोऱ्या टाकायच्या. दोनदा सोडली, दोनदा पाण्याने वर फेकली. खालच्या काठाला लांब आणि जड वजन हवं होतं. दगड निसटत होते, बांबू तरंगत होता.

रुखमिणीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"त्याले काढा."

"काकी, तो त केवळकाकाचा," बाबुलाल म्हणाला.

"त्याचा कायचा? पारीचा आहे. काढा."

तार कापली. मी बाबुलालच्या खांद्यावर पडलो, तसा तो वाकला. ताडपत्रीच्या काठात मला गुंडाळलं, दोरीने चार ठिकाणी आवळलं. पाण्यात उतरवायच्या आधी रुखमिणीने तो सोललेला तळहात माझ्यावर ठेवला. दोन पोहणाऱ्या गड्यांनी मला उतारावरून सोडलं. मी जड आहे, हा माझा एकच गुण, तो तिथे कामी आला. मी खाली गेलो, भोवऱ्याने मला खेचून भोकाच्या तोंडावर बसवलं, आणि वरून बोऱ्यांवर बोऱ्या पडल्या. त्यानंतर मी उजेड पाहिलेला नाही.

पुढचं मी ऐकून सांगतो. संध्याकाळपर्यंत टोलीकडचं पाणी बोटभर उरलं आणि निवळ झालं. टोली वाचली. ते पाच दिवसांचं पोर आता रडून टोली जागी करतं. दुसऱ्या दिवशी एकोणतीस माणसं घनश्यामच्या बांधीत उतरली, झोपलेल्या धानाच्या मुठी बांधून उभ्या करायला. किती उभा राहिला? निम्माही नाही. त्याने कोणाला दोष दिला नाही. साहेब तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी पार पाहिली, फोटो काढला.

आणि आता, मित्रांनो, मी इथे आहे. पारीच्या पोटाशी, पाण्याखाली, चिखलात. दिसत नाही, पण वरची पावलं ऐकू येतात, आणि माझी खोड काही जात नाही. पहिल्या आठवड्यात रोज चाळीस-पन्नास पावलं यायची, थांबायची, भोकाची जागा बघायची. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत बारा उरली. धान कापायला आला आणि सहा झाली. आता एकाच माणसाची येतात. अनवाणी, हळू, मध्येच काठीचा ठोका. रुखमिणी येते, उभी राहते, खाली बघते, जाते.

तिला जे ठाऊक आहे ते तुम्हालाही सांगून ठेवतो. ताडपत्री ही पार नव्हे. ती एक पावसाळा काढेल, फार तर दोन. माझ्या डाव्या अंगाजवळून अजून पाणी सरकतं. दोरी कुजू लागली आहे. एका दिवसासाठी एकशे सहा माणसं उठली, हे मी खोटं म्हणणार नाही; ते मी मोजलं आहे. पण एका दिवसाच्या मातीने पार बनत नाही. वैशाखात तलाव उतरेल, भोक उघडं पडेल, आणि मुरूम भरायला तेवढेच पंधरा दिवस मिळतील. तेव्हा हाक मारायला मी वर नसेन. दुसरा रूळ टांगाल तर तो वाजेलही, पण तो आवाज काय सांगतो ते कोणीतरी पोरांना शिकवायला हवं.

म्हणून तुम्हीच शिका. नाव कसं घ्यायचं ते शिका. शिवी न देता, हसत घ्या, पण पाण्यावरून पलीकडे जाईल एवढ्या मोठ्याने घ्या. बापाचं असलं तरी घ्या. आणि कोणी तुमचं घेतलं, तर आधी फावडा उचला. राग नंतरही करता येतो, तो कुठे वाहून जात नाही. वाहून जातात ती घरं.

रुखमिणीच्या पावलांमागे मला उद्या आणखी दोन पावलं हवी आहेत. कोणाचीही चालतील. मी ऐकतो आहे.